रामेश्वरमला रेल्वेने जाताना: समुद्रावरचा पूल, स्टेशनाची हकिगत आणि यात्रेची आखणी

काशीची गंगा रामेश्वरला वाहायची, रामेश्वरची वाळू प्रयागच्या संगमात सोडायची, तेव्हा कुठे यात्रा पुरी झाली असे आपल्याकडे मानतात. रामेश्वरला निघालेली कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणाऱ्या नाथ महाराजांची गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. त्या काळी ही वाट पायी चालायची. आज तिचा शेवटचा टप्पा रेल्वेने होतो, तोही थेट समुद्रावरून. रामेश्वरमला विमानतळ नाही. बस आणि खासगी गाड्या भरपूर जातात, तरी माझे आग्रहाचे सांगणे असे की निदान शेवटचे दीडशे किलोमीटर तरी रेल्वेनेच करा आणि ते दिवसाउजेडी करा. ते कसे जमवायचे, तिकिटापासून परतीपर्यंत, हे पुढे क्रमाने देतो आहे.

सुरुवातीला थोडा इतिहास येईल. तो वगळू नका. गाडी पुलाआधी का थांबते, कधी मंडपमलाच का संपते, इंटरनेटवरचे काही लेख अजून चुकीचे स्टेशन का सांगतात, हे सगळे त्यातून उलगडते.

आधी चार स्टेशने लक्षात ठेवा

रामेश्वरम हे पांबन नावाच्या बेटावरचे गाव. मुख्य भूमीवर जिल्ह्याचे गाव रामनाथपुरम, पुढे किनाऱ्यावर मंडपम. तिथून पूल ओलांडला की बेटावरचे पहिले स्टेशन पांबन आणि शेवटी रामेश्वरम. रामेश्वरमचा रेल्वे कोड आरएमएम. दक्षिण रेल्वेच्या मदुराई विभागातले हे शेवटचे टोक आहे, रूळ इथेच संपतात. त्यामुळे उतरायची घाई नसते. आजी-आजोबांना सावकाश उतरवता येते, सामान मोजून घेता येते.

पूर्वी मात्र रूळ इथे संपत नव्हते. पांबनला फाटा फुटत असे. एक लोहमार्ग रामेश्वरमकडे, दुसरा बेटाच्या आग्नेय टोकाला धनुष्कोडीकडे.

बोट मेल, वादळ आणि सेहेचाळीस दिवस

पांबनचा जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त, आणि मधोमध जहाजांना वाट देण्यासाठी दोन पाती असलेला उघडणारा गाळा. ही पाती माणसे हातांनी यंत्र फिरवून उघडत. समुद्रावरचा भारतातला सर्वांत लांब पूल हा मान त्याच्याकडे जवळजवळ शंभर वर्षे होता. २००९ मध्ये आपला वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला तेव्हा तो मान मुंबईकडे आला.

पूल बांधला तो मुख्यतः सिलोनच्या वाहतुकीसाठी. मद्रासच्या एग्मोर स्टेशनातून निघालेली गाडी धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाई. प्रवासी आगबोटीत बसत, पलीकडे तलैमन्नारला उतरत आणि तिथे उभ्या असलेल्या गाडीने कोलंबो गाठत. म्हणून त्या गाडीला बोट मेल म्हणत. बोट केव्हाच बंद झाली, पण चेन्नईहून येणाऱ्या रामेश्वरम एक्स्प्रेसला तिकडचे लोक अजूनही बोट मेलच म्हणतात. एग्मोरला कुणी हमालाने 'बोट मेल?' असे विचारले तर गोंधळू नका, तो तुमच्याच गाडीबद्दल विचारतो आहे.

दुसऱ्या महायुद्धात या गाडीचा रामेश्वरमचा थांबा रद्द झाला. मग वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून धनुष्कोडीच्या रस्त्यावर फेकले जात. ते गोळा करून गावात वाटणाऱ्या चुलतभावाला मदत करणारा एक मुलगा होता. तोच पुढे राष्ट्रपती झाला: डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. त्यांची ती पहिली कमाई.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर धनुष्कोडीच्या तोंडाशी असताना लाटांनी उचलून नेली. गाडीत शंभराहून अधिक माणसे होती, एकही वाचले नाही. धनुष्कोडी गाव गेले, स्टेशन गेले, धक्का गेला. सरकारने ते ठिकाण वस्तीला अयोग्य ठरवले आणि तो फाटा पुन्हा कधी बांधला गेला नाही. पांबन पुलाचे सव्वाशेच्या आसपास गर्डर समुद्रात पडले. मधला उघडणारा गाळा तेवढा टिकून राहिला.

पूल दुरुस्त करायला सहा महिने लागतील असा अंदाज होता. वरिष्ठांनी मुदत तीन महिन्यांवर आणली. काम सोपवले ते बत्तीस वर्षांच्या एका अभियंत्यावर. कोळ्यांच्या मदतीने समुद्रात पडलेले गर्डर शोधून, वर काढून, पुन्हा बसवून त्याने पूल ४६ दिवसांत उभा केला. त्याचे नाव ई. श्रीधरन. कोकणात रेल्वे आणणारे श्रीधरन ते हेच. रोह्याच्या पुढे बोगद्यांतून आणि दऱ्यांवरून आपली गाडी धावते त्यामागची जिद्द पांबनच्या पाण्यात आधी तावून निघाली होती. कोकणातल्या माणसाला या पुलाबद्दल वेगळी आपुलकी वाटावी असे हे कारण आहे.

२००७ मध्ये हा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि देशभरातून थेट गाड्या येऊ लागल्या. पण खारा वारा लोखंड खात असतो. २३ डिसेंबर २०२२ पासून जुन्या पुलावरची वाहतूक सुरक्षिततेसाठी थांबवली. गाड्या मंडपम किंवा रामनाथपुरमला संपू लागल्या. शेजारीच नवा पूल उभा राहत होता. त्याचे उद्घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला झाले. या सव्वादोन वर्षांच्या खंडातले लेख आणि व्हिडिओ अजून फिरत आहेत आणि ते 'मंडपमला उतरा, पुढे बस घ्या' असे सांगतात. आता तिकीट थेट रामेश्वरमचेच काढा.

नवा पूल २.०८ किलोमीटरचा. ९९ गाळे १८.३ मीटरचे, आणि जहाजांसाठीचा एक गाळा ७२.५ मीटरचा. जुन्या पुलाची पाती दोन्ही बाजूंना उघडत. इथे तो अख्खा गाळा दोन मनोऱ्यांमधून लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो. हे काम विजेवर होते. भारतात अशा प्रकारचा हा पहिलाच रेल्वे पूल.

पहिली पायरी: महिना निवडा

आपण सवयीने दिवाळीच्या सुट्टीत निघतो. इथे तीच अडचण होते. रामेश्वरमचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बंगालच्या उपसागरातली वादळेही बहुधा याच काळात येतात. वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की पुलावर गाडी सोडत नाहीत, ती थांबून राहते. म्हणून लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर जानेवारी ते मार्च हा काळ बरा. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि दमटपणा कोकणासारखाच, फक्त सावली कमी.

अमावास्या पंचांगात पाहून ठेवा. आषाढ आणि पौष अमावास्येला (तमिळ मंडळींची आडी आणि तै अमावास्या) पितृकार्यासाठी प्रचंड गर्दी लोटते. तुम्हाला तीच तिथी साधायची असेल तर राहण्याची सोय पक्की करूनच निघा. नसेल तर तो आठवडा टाळा.

दुसरी पायरी: गाडी निवडा

हे तुम्ही कुठून निघता यावर ठरते.

खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा: तुमचे भाग्य मोठे. ओखा-रामेश्वरम एक्स्प्रेस (१६७३४, परतीची १६७३३) ही साप्ताहिक गाडी नंदुरबार, जळगाव, अकोला, हिंगोली, नांदेड असा आपला मुलूख ओलांडून जाते. कुठेही न बदलता रामेश्वरम. आठवड्यातून एकदाच असल्यामुळे परतीचे गणित मात्र आधी मांडा, नाहीतर तिथे आठवडाभर राहावे लागेल.

विदर्भ: नागपूर आणि बल्लारशाहमार्गे दोन साप्ताहिक गाड्या आहेत, बनारस-रामेश्वरम (२२५३६) आणि अयोध्येहून येणारी श्रद्धा सेतू एक्स्प्रेस (२२६१४). दोन्ही उत्तरेतून भरून येतात, त्यामुळे आरक्षण खुले होईल त्याच दिवशी तिकीट काढा.

मुंबई, पुणे, सोलापूर: थेट गाडीची वाट पाहत बसू नका, दोन टप्पे करा. माझी पसंती मदुराईला. मुंबई-नागरकोविल एक्स्प्रेस पुणे-सोलापूरवरून मदुराईला जाते. लोकमान्य टिळक टर्मिनसहून मदुराईची साप्ताहिक गाडीही आहे. मुंबईहून विमानाने गेलात तरी मदुराईलाच उतरा. एक रात्र तिथे मुक्काम, मीनाक्षीचे दर्शन, आणि दुसऱ्या दिवशी रामेश्वरमची पॅसेंजर. अंतर साधारण १६० किलोमीटर, वेळ साडेतीन-चार तास. गाडी अनारक्षित असते. तिकीट खिडकीवर किंवा रेलवन अ‍ॅपवर मिळते.

दुसरा मार्ग चेन्नईचा. तिथून सेतू सुपरफास्ट (२२६६१) आणि बोट मेल (१६७५१) या रात्रीच्या गाड्या आहेत. नव्या पुलाबरोबर तांबरम-रामेश्वरम ही गाडीही सुरू झाली. इथे एक मेख आहे. चेन्नई सेंट्रल, चेन्नई एग्मोर आणि तांबरम ही वेगवेगळी स्टेशने आहेत. सेंट्रल आणि एग्मोर जवळ आहेत, तांबरम शहराच्या दक्षिण टोकाला. तुमची गाडी कुठे पोहोचते आणि पुढची कुठून सुटते हे तिकिटावर नीट वाचा, आणि दोन गाड्यांमध्ये किमान चार तास ठेवा.

बालाजी करून जाणाऱ्यांना तिरुपती-रामेश्वरम गाडी मिळते, पुढे कन्याकुमारी करायची असेल तर रामेश्वरम-कन्याकुमारीही आहे. दोन्ही रोज नसतात. गाड्यांच्या वेळा आणि वार बदलत असतात, निघण्याआधी १३९ वर किंवा रेल्वेच्या अ‍ॅपवर एकदा खात्री करून घ्या.

तिसरी पायरी: आरक्षण

आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता खुले होते. पूर्वी १२० दिवस होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून बदलले. एसीचे तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० ला, स्लीपरचे ११ ला, आणि ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसी खाते आधारशी जोडलेले हवे. हे काम आयत्या वेळी होत नाही, महिनाभर आधी करून ठेवा. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही, तेव्हा 'चढू तर खरे, टीसीला सांगू' हा जुना हिशेब सोडून द्या.

घरातल्या ज्येष्ठांसाठी एक गोष्ट नक्की करा. पुरुष साठीपुढचे आणि स्त्रिया पंचेचाळिशीपुढच्या असतील तर लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोन जण असतील तरच. सहा जणांचे एकत्र तिकीट काढले की आजींना वरचा बर्थ येतो आणि मग रात्रभर डब्यात अदलाबदलीच्या विनवण्या चालतात. आई-वडिलांचे तिकीट वेगळे काढा, बाकीच्यांचे वेगळे. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, तिच्या भरवशावर खर्च मांडू नका.

चौथी पायरी: पूल पाहायचा कसा

चेन्नईहून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या पहाटे रामेश्वरमला लागतात. पूल अंधारात निघून जातो आणि लोक गाढ झोपेत असतात. त्यांनी परतीची गाडी अशी घ्यावी की पूल उजेडात मिळेल. मदुराईहून दिवसाच्या पॅसेंजरने येणाऱ्याला ही चिंता नाही.

मंडपम सुटले की तयार राहा. रामेश्वरमकडे जाताना तुमच्या डावीकडे पाल्कचा उपसागर, उजवीकडे मन्नारचे आखात. पुष्कळदा एक बाजू शांत, हिरवट आणि दुसरी फेसाळ असते, मधून आपली गाडी. गाळ्यांना कठडा असा दिसतच नाही, खिडकीतून खाली पाहिले की थेट पाणी. समांतर रस्त्याचा पूल आहे, १९८८ मध्ये झालेला, त्यावर लोक गाड्या थांबवून आपल्या गाडीकडे हात हलवतात. वाहतूक बंद झालेला जुना पूल उभा असेल तर तोही जवळूनच दिसतो. उचलणाऱ्या गाळ्यावर वेग आणखी कमी होतो आणि दोन्ही मनोरे अगदी जवळून जातात.

डब्यात हा क्षण आला की काय होते ते पाहण्यासारखे असते. मदुराईच्या पॅसेंजरमध्ये समोरच्या बाकावर सोलापूरकडच्या एक मावशी होत्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला तांब्या, तोंडाला फडके बांधून वर सुतळीचा फेर, काशीपासून कुणाच्या हाती न दिलेला. पाणी दिसताच त्यांनी तांब्या एका हाताने छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने समुद्राला नमस्कार केला. पाठोपाठ सगळा डबा 'हर हर महादेव' म्हणाला, त्यात तमिळ होते, तेलुगू होते, आपण तर होतोच.

दारात उभे राहू नका. वारा जोराचा असतो आणि मोबाइल हातातून निसटला तर तो मिळण्याची आशाच नको. मुलांना खिडकीशी बसवा, पण हात आत.

गाडी मंडपमला अडकली तर घाबरू नका. चौकशी खिडकीवर विचारा. वारा पडण्याची चिन्हे नसतील तर रस्त्याने रामेश्वरम तिथून विसेक किलोमीटर आहे, बस आणि टॅक्सी मिळतात.

पाचवी पायरी: स्टेशनात उतरल्यावर

रामेश्वरम स्टेशनाच्या पुनर्विकासाची पायाभरणी मे २०२२ मध्ये झाली आणि कामाबरोबर खिडक्यांच्या, प्रवेशाच्या जागा बदलत गेल्या. त्यामुळे ओळखीच्याने सांगितलेल्या खुणांवर विसंबण्यापेक्षा फलाटावरच्या पाट्या वाचा. हिंदी चालते, इंग्रजी अधिक चालते.

उतरताच सर्वांत आधी सामानाचे ठरवा. मुक्काम असेल तर प्रश्न नाही. सकाळी येऊन संध्याकाळी परतणार असाल तर दोन मार्ग: रिटायरिंग रूम किंवा क्लोक रूम. रिटायरिंग रूम कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आगाऊ घेता येते. खोल्या थोड्या असतात, तिकिटाबरोबरच पाहून टाका. क्लोक रूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, ही रेल्वेची सर्वत्रची रीत आहे. चेनवाल्या बॅगांना लहान कुलपे घरूनच लावून आणा.

बाहेर पडलात की देऊळ दीड-दोन किलोमीटरवर. रिक्षावाल्याशी भाडे बसण्याआधी ठरवा, आणि 'कोविल' म्हणा, लगेच कळते. सामान नसेल आणि पहाट असेल तर चालत जाण्याइतके अंतर आहे.

स्नान आणि दर्शन, क्रमाने

क्रम असा: देवळाच्या पूर्वेला समुद्र, तेच अग्नितीर्थ. तिथे स्नान. मग ओल्याच कपड्यांनी देवळात येऊन बावीस तीर्थांचे, म्हणजे बावीस विहिरींचे स्नान. प्रत्येक विहिरीवर माणूस बादलीने पाणी शेंदून अंगावर ओततो. त्यानंतर कपडे बदलायचे आणि कोरड्या कपड्यांनी दर्शन. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, म्हणून कोरड्या कपड्यांची पिशवी बरोबर हवी. स्त्रियांनी सुती, गडद रंगाचे कपडे घालावेत. जमीन सतत ओली असते आणि दगड गुळगुळीत, वृद्धांचा हात सोडू नका. मोबाइल आत नेता येत नाही. दुपारी देऊळ बंद असते, हा सगळा क्रम सकाळीच उरका. पहाटे स्फटिकलिंगाचे दर्शन असते. ते हवे असेल तर आदल्या रात्री मुक्कामच करा.

गंगाजल आणले असेल तर ते तांब्याच्या, पितळेच्या किंवा काशाच्या भांड्यात असावे. लोखंडी किंवा पत्र्याचा डबा चालत नाही. आपल्या माणसांना इथे परके वाटत नाही याचे एक कारण असे की या देवळात पूजेचा मान परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांकडे चालत आला आहे. तिसऱ्या प्राकाराचा, म्हणजे देवळाच्या तिसऱ्या आवाराचा, तो लांबच लांब खांबांचा मार्ग घाईत ओलांडू नका. कोपऱ्यावर उभे राहून दोन्ही दिशांना पाहिले की लांबी कळते.

धनुष्कोडी: जिथे स्टेशन होते

दुपारनंतरचा वेळ धनुष्कोडीसाठी ठेवा. रस्ता २०१७ पासून थेट टोकापर्यंत, अरिचलमुनैपर्यंत झाला आहे. बस जाते, रिक्षा आणि जीपही मिळतात. संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळ्यांना परत फिरवतात, म्हणून तीनच्या आत निघा. वाटेत चर्चच्या भिंती आणि जुन्या स्टेशनाचे अवशेष दिसतात. बहुतेक गाड्या सरळ टोकाला पळतात. चालकाला आधीच सांगून स्टेशनापाशी थांबा. बोट मेलचे प्रवासी इथेच उतरून सिलोनच्या आगबोटीकडे जात. त्या रात्री गेलेली पॅसेंजर इथेच यायची होती. नमस्कार करून पुढे जा. पाण्याची बाटली आणि टोपी बरोबर ठेवा, तिथे आडोसा नाही. वाटेतल्या कोदंडरामाच्या देवळाने १९६४ चे वादळ सोसले आणि ते उभे राहिले.

परतीची गाडी आणि सेतूची वाळू

संध्याकाळच्या गाडीचे तिकीट असेल तर धनुष्कोडी आदल्या दिवशी करा. दोन्ही एका दिवशी जमतात असे रिक्षावाले सांगतील, पण टोकाहून परतताना गर्दीत अडकलात की गाडी चुकते, आणि साप्ताहिक गाडी चुकली तर सगळीच घडी विस्कटते. स्टेशनात तासभर आधी या. जेवण बरोबर बांधून घ्या.

वाळू न्यायची असेल तर गुरुजींकडून विधी करून घ्या. वाळूची लिंगे करून पूजा होते, काही भाग तिथेच समुद्रात विसर्जन होतो आणि उरलेली वाळू प्रयागसाठी मिळते. ती मूठभर पुरते. पूर्ण वाळवून, दोन कापडी पिशव्यांत बांधून हातातल्या बॅगेत ठेवा, ओली बांधली तर कपड्यांना मिठाचे डाग पडतात. आणि यात्रा एका दमात पुरी करायची असेल तर परत घरी न येता बनारसची साप्ताहिक गाडी (२२५३५) धरा. ती प्रयागराज छिवकीवरून जाते. तिथे उतरा, संगमावर वाळू सोडा, काशीला जाऊन या. तिकीट मात्र रामेश्वरम ते प्रयागराज छिवकी असेच काढा, आणि ६० दिवस आधी.